बिनवासाची थंडी

बोईसरला थंडी पडली की आधी नाकाला कळतं, मग अंगाला. दिवाळी सरते, वारा पडतो, आणि इतके दिवस वरच्या वर निघून जाणारा कारखान्यांचा वास पहाटे खाली उतरून बसतो. दोरीवरच्या कपड्यांत बसतो, शेवग्याच्या झाडात बसतो, दुधाच्या पिशवीलासुद्धा लागतो. थंडी म्हटली की लोकांना शेकोटी आठवते, तिळाचे लाडू आठवतात. मलाही पूर्वी तेच आठवायचं. गेल्या वर्षापासून मात्र पहिला गारवा लागला की मी हातातलं काम टाकते. काल सकाळी लागला. चहाचं आधण तसंच बंद केलं, जाऊन खिडकी उघडली आणि उगाच उभी राहिले.

खिडकी उघडली, याचं बोईसरजवळच्या आमच्या कुंभवलीत कुणालाही नवल वाटेल. इथे खिडकी ही लावायची वस्तू आहे. लग्न होऊन मी सांगलीकडून इथे आले तेव्हा सासूबाई नव्हत्या, त्यामुळे संसाराचे पहिले धडे ह्यांनीच दिले. आमचे हे केमिकल कंपनीत ऑपरेटर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला वास शिकवले. पिकलेल्या केळ्याचा आला तर घाबरू नकोस. डांबरगोळीचा आला तर डोकं चढेल, बाकी काही नाही. कुजक्या अंड्याचा आला तर हातातलं काम टाक, खिडक्या लाव, दाराखाली ओला टॉवेल सरकव, फटी बुजव. मी हसले होते. म्हटलं, आमच्याकडे नवी नवरी उखाणा शिकते, इथे हे शिकते होय!

पण शिकले. इतकी पटाईत झाले की शेजारच्या बायका गच्चीवरून ओरडून विचारायच्या, "काकू, आज काय आहे?" आणि मी नाक वर करून निकाल द्यायची. आमची मयूरी चार वर्षांची असताना झोपेतून उठून म्हणाली होती, "आई, अंडं आलंय," आणि स्वतःच दुडूदुडू जाऊन टॉवेल घेऊन आली होती. मला कोण कौतुक! आमच्या घरात दिवे मालवायच्या आधी एकच प्रश्न असायचा, वास नाही ना? नाही. मग झोपा बिनघोर.

कधी कधी वास इतका बसायचा की टॉवेल-बिवेल काही चालायचं नाही. मग हे स्कूटर काढायचे आणि आम्ही तिघं चिंचणीला समुद्रावर जायचो. थंडीत तिथे बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत टांगलेले असतात, ओळीच्या ओळी, वाऱ्यावर हलत. मासळीचा वास आम्हा सांगलीकडच्यांना कसला सोसणार. पण त्या दिवशी तो छातीभर घ्यावासा वाटायचा. मयूरी वाळूत लोळायची. तिचं दुखणारं डोकं अर्ध्या तासात थांबायचं. "बघ, मोकळ्यावर आलं की बरं वाटतं," हे वाक्य मी तिथे बसून शंभरदा तरी म्हटलं असेल. म्हटलं, आणि विसरले.

मयूरी शिकली, इथल्याच एका कंपनीच्या लॅबमध्ये लागली, चार वर्षं मान मोडून नोकरी केली, आणि एके दिवशी जेवता जेवता म्हणाली, "मी राजीनामा दिलाय. फिरायला जाणार आहे. तीन महिने. जॉर्जिया." माझ्या हातातली पळी आमटीतच राहिली. जॉर्जिया हा देश आहे की गाव, हेही मला ठाऊक नव्हतं. ह्यांनी नकाशात शोधून दाखवलं. नातेवाइकांनी फोनवर फोन केले. लग्नाच्या वयात पोरगी पाठीवर बोचकं टाकून निघाली म्हणे! मी वरवर म्हणत होते, जाऊ दे की, तिच्या पैशाने जातेय. आतून माझा जीव मुठीत होता.

तिच्याकडे पैसे बेताचे आणि दिवस भरपूर. त्यामुळे तिचा सगळा खटाटोप एकाच गोष्टीचा, स्वस्तात स्वस्त जागा. पहिल्या आठवड्यात हॉस्टेल. एका खोलीत बारा कॉट, त्यावर बाया-बाप्ये सगळे एकत्र. 

"अगं आई, प्रत्येक कॉटला पडदा असतो."

"पडद्याला कडी असते का?"

ती खो खो हसली. मला हसू येईना. मग तिला शहाणपण येत गेलं. जागा मोबाईलवर शोधायची नाही, तिथे महाग दाखवतात. हिवाळ्यात प्रवासी नसतात, तेव्हा महिन्याच्या बोलीवर घ्यायची. आणि विचारायचं कुणाला? बेकरीवाल्याला. "गावातली प्रत्येक रिकामी खोली पाववाल्याला माहीत असते, आई," ती सांगायची. मला पटलं. आमच्याकडे पेपरवाल्याला माहीत असते, तसंच.

अशीच तिला एका डोंगराळ गावात बेकरीवरची खोली मिळाली. खोली कसली, जुन्या घराची गॅलरी, तिला काचा लावून बंद केलेली. संडास खाली. भिंतीवर गॅसचा एक जुनाट हीटर, त्याचा पत्र्याचा पाइप काचेतल्या भोकातून बाहेर काढलेला. "अख्ख्या देशात इतकी स्वस्त खोली नसेल!" ती फोन गरागरा फिरवून दाखवत होती. मी पोलिसासारखी चौकशी केली. मालकीण कशी आहे? विधवा, एकटी, चांगली आहे. कडी आतून लागते? लागते. पुरुष कोण राहतात? कोणी नाही. सगळं विचारलं मी, सगळं. तेवढ्यात काचेच्या फटीतून वारा येऊन पडदा हलताना दिसला आणि मी म्हटलं, "फटी बुजव आधी. सर्दी होऊन पडशील."

दुसऱ्या दिवशी तिने दाखवलं. वर्तमानपत्रं, जुने मोजे, चिंध्या. एक फट सोडली नव्हती. पाइपाच्या भोकाभोवतीसुद्धा कागद कोंबला होता. शेवटी पोरगी कुंभवलीची! मी म्हटलं, शाब्बास.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी एका बुधवारी अकराच्या सुमारास तिचा फोन आला. तिकडे साडेनऊ. बाहेर बर्फ पडत होता. तिचा चेहरा सुजल्यासारखा वाटत होता.

"आई, दोन दिवस झाले, सकाळी उठलं की डोकं दुखतं. मळमळतं. बाहेर पडलं की बरं वाटतं, परत आलं की पुन्हा तेच."

मी सवयीने विचारलं, "वास येतोय का कसला?"

"छे गं. काहीच नाही. तरी मी दाराखाली टॉवेल ओला करून लावलाय."

"शाब्बास. मग थंडी बाधलीय तुला. आल्याचा चहा घे, हीटर मोठा कर आणि झोप जरा. बाहेर जाऊ नकोस बर्फात."

"हं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

हे आमचे तेव्हा आंघोळीला गेले होते. मी भांडी आवरली. मला कसलीही काळजी वाटत नव्हती, हे मुद्दाम सांगते. त्या तीन महिन्यांतली ती माझी सगळ्यांत शांत वीस मिनिटं असतील.

बुधवार हा हिराबाईचा दिवस. चिंचणीहून ती पाटी घेऊन येते, वीस वर्षं येतेय. जिन्याखाली बसून विळीवर बोंबलांची डोकी उडवत होती, मी समोर पातेलं घेऊन उभी. तिने विचारलं, पोरगी कशी हाय? म्हटलं, बरी आहे, जरा डोकं दुखतंय, मळमळतंय, थंडी बाधलीय.

"आन बाहेर गेली का बरं वाटतं?" हिराबाईने विचारलं.

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

तिचा हात थांबला. "शेगडी हाय का खोलीत?"

"हीटर आहे. गॅसचा. पण वास नाही हो येत काही. तिने सगळ्या फटी—"

"वैनी," ती उठून उभीच राहिली, "वास नाय म्हनून त भ्याचं! माजा धाकटा दीर आन त्याचा जोडीदार, थंडीत बोटीवर निजले. केबिनात कोळशाची शेगडी घेतली आन दार लावलं. सकाळी आमी गेलो त दोगं निजलेले. गाल नुसते लाल, कोनाला वाटंल नवरदेव हायेत. वास आला असता त उठले नसते ते? उठवा पोरीला! आत्ताच्या आत्ता उठवा!"

पातेलं माझ्या हातातून कधी पडलं, मला आठवत नाही. जिना कसा चढले तेही नाही. फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा. हे टॉवेल गुंडाळून बाहेर आले, "काय झालं?" मी काहीतरी बरळले, हीटर, फटी, डोकं. त्यांनी आधी तेच विचारलं, "वास होता का?" मी नाही म्हणून मान हलवली. आणि मग त्यांचा चेहरा मी पाहिला. सव्वीस वर्षं, अर्धवट जळणाऱ्या इंधनातून निघणाऱ्या त्याच बिनवासाच्या गॅसची सूचना देणारं यंत्र खिशाला लावून ते प्लांटमध्ये हिंडले होते. नाव ठाऊक, धोका ठाऊक. पण ते प्लांटमधलं ज्ञान. ते घरात कधी आलंच नव्हतं. घरात आम्ही नाकावर विसंबून जगलो. ते म्हणाले, "पत्ता काय आहे तिचा?"

पत्ता नव्हता. बेकरीवाल्याने बोटाने दाखवलेल्या खोलीला कसला पत्ता! कडी आहे का, विधवा आहे का, सगळं विचारणाऱ्या मला घर नंबर विचारायचं सुचलं नव्हतं. फोन वाजून वाजून बंद होत होता. मला एकच दिसत होतं, तिचे गाल, लाल.

मग ह्यांना तिने पाठवलेले फोटो आठवले. पावाचा फोटो. तिथे लांबट पाव तंदुरीसारख्या भट्टीत भिंतीला चिकटवून भाजतात, त्याचं तिला भारी कौतुक. त्या फोटोत मागे दुकानाची काच होती, काचेवर वेटोळ्या अक्षरांत काहीतरी, आणि खाली नंबर. ह्यांनी तो बोटांनी मोठा करून वाचला, मी लिहिला. मयूरीच्या तिथल्या सिमकार्डाचे पहिले तीन आकडे त्याला जोडले. सेव्ह केल्यावर व्हॉट्सअॅपवर फोटो आला तो पावाचाच. व्हिडिओ कॉल लावला. माझे ओठ काय पुटपुटत होते, ते त्या एका परमेश्वरालाच माहीत.

उचलला. पिठाने माखलेला एक दांडगा माणूस. त्याच्यासमोर आम्ही: टॉवेल गुंडाळलेले हे, रडणारी मी, आणि मागोमाग वर आलेली हिराबाई, मासे कापलेल्या हातांनी. हे इंग्रजीत ओरडू लागले. त्याला ओ की ठो कळेना. मी माझ्या फोनवरचा मयूरीचा फोटो त्याच्यापुढे धरला. तो हसला, "इंडिया!" म्हणाला आणि वर बोट दाखवलं. हे ओरडले, "गॅस! गॅस!" तो गोंधळला. तेव्हा हिराबाईने ह्यांच्या हातातून फोन ओढलाच. दोन्ही तळवे गालाशी लावून झोपल्याचं दाखवलं, मग मान टाकली, डोळे पांढरे केले, आणि वर बोट दाखवून ओरडली, "मरंल पोरगी! जा रे बाबा, जा!"

त्याचं हसू गेलं. फोन फळीवर टाकून तो पळाला.

पुढे आम्हाला दिसलं ते फक्त बेकरीचं छत. पांढरं, एका बाजूला ओल धरलेलं, मधोमध एक पिवळा दिवा. बाजूने धावण्याचा आवाज आला, दार आपटलं, मग काही नाही. आम्ही तिघं त्या छताकडे बघत बसलो. किती वेळ, कुणी घड्याळ पाहिलं नाही. एक माशी दिव्याभोवती फिरत होती. मला वाटलं, ही माशी खाली बसली तर पोरगी गेली. असलं काहीतरी खुळ्यासारखं वाटत होतं. वर काच फुटल्याचा आवाज आला. मग एक बाई किंचाळली. ह्यांनी माझा हात इतका दाबला की बांगडी वाकली. मी देवाला काहीही कबूल करत होते, उपास, नवस, तिला पुन्हा कधी टोकणार नाही, लग्नाचं नाव काढणार नाही.

छत हललं. कुणीतरी फोन उचलला होता. दार, पायऱ्या, मग डोळे दिपवणारा बर्फ, आणि त्या बर्फात भिंतीला टेकून बसलेली आमची मयूरी. रात्रीच्या कपड्यांवर, अंगाभोवती त्या माणसाचा पिठाळ कोट. ओकत होती. आयुष्यात मला कुणाला ओकताना बघून इतका आनंद झाला नव्हता. हिराबाई जमिनीवर बसली आणि मोठ्याने रडू लागली. दिरासाठी रडायचं राहिलं असेल कदाचित.

तिला दवाखान्यात दोन दिवस ऑक्सिजन लावला. पाइप आतून गंजून गेला होता, धूर खोलीतच सुटत होता, आणि फटी बुजवल्यामुळे त्याला बाहेर जायला वाट उरली नव्हती. मालकीण बाई तिच्या उशाशी बसून होती म्हणे. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर... ते पुढचं मयूरीने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्या सकाळचं तिला काहीच आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं. उठल्याचं आठवत नाही, फोन केल्याचं आठवत नाही. तिला एवढंच कळलं, की आईने बोईसरला बसून ओळखलं आणि माणसं पाठवली. ती परत आली तेव्हा घर माणसांनी भरलं. आईचं काळीज, असं म्हणाली सगळी. देव तारी त्याला कोण मारी. माझ्या नणंदेने माझी ओटी भरली. मी सांगत होते, अहो, हिराबाईमुळे, हिराबाईमुळे; आणि ते खरंच होतं. हिराबाईला आम्ही लुगडं घेतलं, मयूरी तिच्या पाया पडली. पण त्याआधीची पाच मिनिटं मी कुणालाच सांगितली नाहीत. ह्यांनी एकदा विचारलं होतं, "सकाळी फोन आला तेव्हा तू काय म्हणालीस तिला?" मी म्हटलं, "काही नाही, चहा घे म्हटलं." खोटं नव्हतं ते. पण ते खोटंच होतं.

वर्षभर ते मी मनातच ठेवलं. रोज वाटायचं, तिला आठवेल. कधी वाटायचं, न आठवलेलंच बरं, आता झालं गेलं. 

पंधरा दिवसांपूर्वी ती पुन्हा निघाली. ह्या वेळी शेजारचा आर्मेनिया. बॅग भरता भरता म्हणाली, "आई, ह्या वेळी खोली घेण्याआधी तुला व्हिडिओवर दाखवणार. तू हो म्हणालीस तरच राहणार. कितीही स्वस्त असली तरी. तुझ्यासारखं कुणाला कळत नाही."

बेकरीच्या त्या छताकडे बघत बसले होते तेव्हाही अशी भ्याले नव्हते. पोरगी माझ्या भरवशावर झोपणार होती.

मी पलंगावर बसले आणि सांगून टाकलं. तू फोन केला होतास. डोकं दुखतं म्हणालीस. बाहेर बरं वाटतं म्हणालीस. मी वास विचारला. तू नाही म्हणालीस. मी म्हटलं, हीटर मोठा कर आणि झोप.

तिच्या हातात स्वेटर होता. घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"टॉवेलचं सांगितलं होतं मी तुला?"

"हो. मी शाब्बास म्हटलं."

"आणि वर्षभर सगळे तुला काय काय म्हणत होते..."

"ऐकून घेतलं मी."

ती स्वेटर तसाच घेऊन बाहेरच्या खोलीत निघून गेली. ह्यांनाही मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते चप्पल घालून बाहेर गेले आणि तासाभराने बॅटरीचे चार सेल घेऊन आले. मयूरीने तळहाताएवढं एक यंत्र मागवलं होतं, गॅस झाला की कोकलणारं. बापलेकींनी ते दहादा वाजवून पाहिलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मला कुणी बोलावलं नाही.

निघताना ती वाकून पाया पडली. मग उभी राहून म्हणाली, "आई, खोली नाही दाखवणार तुला."

"नको दाखवूस."

"रागाने नाही म्हणत. तू बघितलीस की मला बरं वाटतं. आणि बरं वाटलं की मी स्वतः बघत नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. तिला जवळ घेतलं. ती रडली, मीही.

आता ती फोन करते तो रस्त्यावरून करते. मागे दुकानं असतात, बर्फ असतो, अनोळखी माणसं जात-येत असतात. मी विचारते, जेवलीस का, पायमोजे कोरडे आहेत का. खोलीचं विचारत नाही. किती स्वस्त मिळाली, तेही नाही.

काल संध्याकाळी मात्र ती आतूनच बोलत होती. तिच्या खांद्यामागे भिंत होती आणि भिंतीवर पांढरं पेटीसारखं काहीतरी. हीटर असेल, नाहीतर साधं कपाटही असेल. बाजूला खिडकी होती, ती उघडी होती की बंद, ते कळत नव्हतं. माझी बोटं फोनवर गेली, मोठं करून बघायला. मग मी फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि नुसता तिचा आवाज ऐकत भेंडी चिरायला घेतली. भेंडी जाडच चिरली गेली.